जोडीदार कागदच दाखल करत नाही, तर घटस्फोट अडून राहतो का?

‘ते सहीच करत नाहीत, मग घटस्फोट कसा मिळणार?’ हा प्रश्न इतक्या जणांच्या तोंडी असतो की तो कायद्यातच लिहिलाय असं वाटावं. माणसं वर्षानुवर्षं वेगळी राहतात, समोरच्याच्या एका सहीची वाट बघतात आणि न्यायालयाची पायरीही चढत नाहीत. काही जण पायरी चढतात, पण समोरची बाजू समन्स घेत नाही, घेतलं तर उत्तर देत नाही, उत्तर दिलं तर तारखेला येत नाही. मग ‘आपल्याकडे असंच चालतं’ म्हणून हात टेकतात.

अडवणूक होते हे खरंच आहे. पण अडवणुकीच्या प्रत्येक टप्प्यावर कायद्यात काही ना काही तोडगा आहे. अडचण अशी की न्यायालय तो आपणहून काढून देत नाही. तो मागावा लागतो, आणि लेखी मागावा लागतो.

इथे मुख्यतः हिंदू विवाह कायदा, 1955 धरून लिहिलं आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल किंवा इतर धर्मांचे वैयक्तिक कायदे लागू असतील, तर घटस्फोटाची कारणं आणि काही मुदती बदलतात. समन्स, उत्तर, तारखा यांची चौकट मात्र मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहितेतूनच येते.

सही लागते ती एकाच वाटेवर

घटस्फोटाच्या वाटा दोन. एक परस्पर संमतीची, म्हणजे कलम 13ब. लोक तिला ‘म्युच्युअल’ म्हणतात. दुसरी कलम 13 ची. तिच्यात एकजण दुसऱ्यावर क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार अशा ठरलेल्या कारणांपैकी एखादं मांडतो आणि ते सिद्ध करतो. या दुसऱ्या वाटेवर समोरच्याच्या सहीचा, होकाराचा काहीही संबंध नाही. त्याने विरोध केला तर खटला चालतो, गप्प बसला तरी चालतो.

म्युच्युअलचं मात्र दोघांच्या सहीने चालणाऱ्या बँक खात्यासारखं आहे. एकाने हात आखडला की व्यवहार थांबला. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर ‘आम्ही अजूनही ठाम आहोत’ असं सांगायचं. मधल्या काळात कोणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या वेळी नवरा किंवा बायको नुसती आलीच नाही, तरी ‘गैरहजर आहे म्हणजे संमती आहे’ असं न्यायालयाला धरता येत नाही. हे 2009 च्या निकालात सांगितलं आहे.

म्हणून म्युच्युअलमध्ये कोणी कागद लांबवत असेल, तर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: हा माणूस अटींवर घासाघीस करतोय, की त्याला घटस्फोटच नकोय? अटींवर अडलं असेल तर मध्यस्थी उपयोगी पडते, आणि समझोत्यातच टप्पे घालता येतात. ठरलेल्या रकमेचा काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या वेळी, न्यायालयासमोर. यामुळे दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत येण्याचं कारण राहतं. घटस्फोटच नको असेल तर मनधरणीत वर्ष घालवू नये. कलम 13 ची याचिका वेगळी दाखल करावी लागते. म्युच्युअलचा अर्ज आपोआप तिच्यात बदलत नाही. त्यामुळे ‘म्युच्युअलच होणार आहे’ या भरवशावर जुने मेसेज, दवाखान्याचे कागद, बँकेच्या उताऱ्यांची फाइल टाकून देऊ नका.

‘पण ते सहा महिने माफ होतात ना?’ होऊ शकतात. 12 सप्टेंबर 2017 च्या निकालानुसार सहा महिने थांबणं बंधनकारक नाही, न्यायालय ते माफ करू शकतं. पण त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. ज्याला लांबवायचंच आहे त्याच्याविरुद्ध ही सवलत कामाला येत नाही, कारण तिथेही दोघं लागतातच.

समन्स: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

कलम 13 ची याचिका दाखल झाली की न्यायालय समोरच्या बाजूला समन्स काढतं, म्हणजे ‘तुमच्याविरुद्ध अशी याचिका आहे, अमुक तारखेला हजर राहा’ ही अधिकृत सूचना. ती पोचली असं नोंदलं जाईपर्यंत खटला खऱ्या अर्थाने सुरू होत नाही. लांबवणाऱ्याला हे नेमकं माहीत असतं. म्हणून बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी, आला की दार उघडायचं नाही, पोस्टमनला ‘इथे राहत नाहीत’ म्हणायचं, असे प्रकार चालतात.

आधी आपल्या बाजूचं तपासा. समन्सची फी भरली का? याचिकेच्या जादा प्रती दिल्या का? पत्ता पूर्ण आहे का, की ‘बसस्टँडजवळ’ एवढंच लिहिलंय? अर्जदारानेच फी भरली नाही म्हणून समन्स निघालंच नाही आणि दोष मात्र समोरच्याला, असंही घडतं. फी न भरल्याने समन्स बजावलं गेलं नाही तर याचिका फेटाळलीही जाऊ शकते.

मग बेलिफचा अहवाल वाचा. प्रत्यक्ष वाचा, वकिलांकडून नुसतं ‘बजावणी झाली नाही’ एवढं ऐकून परत फिरू नका. त्या दोन-तीन ओळींवर पुढचं पाऊल ठरतं. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर ते तुमच्या फायद्याचं आहे: बेलिफ घराच्या दाराला प्रत चिकटवू शकतो, आणि पोस्टाच्या पाकिटावर नकाराचा शेरा असेल तर न्यायालय बजावणी झाली असं धरतं. ‘घराला कुलूप’ असेल तर वेगळ्या वेळी पुन्हा पाठवायला सांगा. कुठल्या वेळी माणूस घरी असतो हे तुम्हाला बेलिफपेक्षा चांगलं ठाऊक असतं, ते अर्जात लिहा. माणूस घरी नसेल आणि इतक्यात भेटण्याची शक्यताही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येतं, मग ती आई असो की भाऊ. घरकामाच्या नोकराकडे दिलेलं मात्र चालत नाही. ‘पत्ता सोडून गेले’ असं आलं तर नवा पत्ता शोधून द्यायची जबाबदारी तुमची.

हमदस्त मागता येतं. म्हणजे न्यायालयाच्या परवानगीने समन्स अर्जदाराने स्वतः नेऊन द्यायचं. स्पीड पोस्ट आणि बेलिफ दोन्ही एकाच वेळी मागता येतात. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या. आपणहून पाठवलेल्या फोटोला बजावणी म्हणत नाहीत.

हे सगळं करूनही माणूस टाळतच असेल, तर संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली पर्यायी बजावणी मागता येते: न्यायालयाच्या आवारात आणि शेवटच्या राहत्या घरी समन्स लावणं किंवा त्या भागातल्या वर्तमानपत्रात जाहीर समन्स देणं. हा अर्ज पहिल्याच तारखेला टाकून उपयोग नाही. माणूस मुद्दाम टाळतोय किंवा नेहमीच्या पद्धतीने सापडत नाही हे न्यायालयाला पटावं लागतं, आणि ते पटवतात आधीचे बेलिफचे अहवाल.

वर्तमानपत्रातल्या समन्सची एक बाजू फारसं कोणी सांगत नाही. पुढे एकतर्फी निकाल लागला आणि समोरचा तो रद्द करून मागायला आला, तर त्याची 30 दिवसांची मुदत मोजताना मुदतीचा कायदा जाहीर समन्सला रीतसर बजावणी मानत नाही. म्हणजे त्याचे 30 दिवस निकालापासून नव्हे, निकाल कळल्यापासून धरले जातात. बेलिफमार्फत हातात समन्स पडलं असेल तर हा धोका बराच कमी. म्हणून दोन महिने जास्त गेले तरी चालतील, पण आधी प्रत्यक्ष बजावणीचा जोर लावा.

हजर झाले, पण म्हणणं देत नाहीत

समन्स मिळाल्यावर समोरच्याने लेखी उत्तर द्यायचं असतं. त्याला कैफियत म्हणतात. न्यायालयाच्या आवारात ‘म्हणणं’ किंवा ‘डब्ल्यूएस’ हे शब्द ऐकू येतील. मुदत 30 दिवस, आणि न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवली तर 90 दिवस.

इथे लोकांचा हमखास गैरसमज होतो. 90 दिवस उलटले म्हणजे समोरच्याचा हक्क संपलाच, असं कौटुंबिक खटल्यात होत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सर्वसाधारण दिवाणी दाव्यांत ही मुदत अगदी कडक नाही. सबळ कारण असेल तर न्यायालय नंतरही कैफियत स्वीकारू शकतं. पण ‘सबळ कारण’ या शब्दांना अर्थ तेव्हाच येतो जेव्हा तुम्ही विरोध नोंदवता. मुदत संपली की ‘नो डब्ल्यूएस’चा हुकूम मागणारा अर्ज द्या, म्हणजे कैफियतीशिवाय खटला पुढे नेण्याचा हुकूम. तो झाला की समोरच्याला तुमची उलटतपासणी घेता येते, पण स्वतःची नवी बाजू उभी करता येत नाही. तो हुकूम रद्द करून मागायला आला तर न्यायालय बहुधा दंड, म्हणजे खर्चाची रक्कम, भरायला लावून परवानगी देतं. निदान कागद तरी दाखल होतो आणि गाडं हलतं.

कौटुंबिक न्यायालयात मध्ये समुपदेशनाचा टप्पा येतो. समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, आणि ते योग्यही आहे. पण जोडीदार समुपदेशकाकडे येतच नसेल, तर त्या टप्प्यात सहा तारखा घालवायची गरज नाही. समेट शक्य नाही अशी पुरशीस, म्हणजे न्यायालयाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, द्या आणि समुपदेशकांचा अहवाल मागवायची विनंती करा.

एकतर्फी निकाल: आपोआप जिंकणं नव्हे

समन्स बजावूनही समोरचा आला नाही तर न्यायालय खटला एकतर्फी चालवतं. आता फक्त सही-शिक्का उरला, असं इथे वाटू लागतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 23 मात्र सांगतं की विरोध असो वा नसो, घटस्फोटाचं कारण खरंच आहे याची न्यायालयाने खात्री करून घ्यायची. तुम्हाला शपथपत्रावर पुरावा द्यावाच लागतो. ‘तो मला त्रास द्यायचा’ एवढं एक वाक्य पुरत नाही. कधी, काय घडलं, कोणी पाहिलं, कुठे तक्रार केली, हे लागतं. समोर कोणी उलटतपासणीला नाही म्हणून पुरावा पातळ ठेवला, तर तोच निकाल पुढे अपिलात टिकत नाही.

निकालाआधी समोरचा माणूस उगवला आणि त्याने योग्य कारण दिलं, तर न्यायालय त्याला पुन्हा सामील करून घेऊ शकतं. निकालानंतर आला तर त्याला दोनपैकी एक दाखवावं लागतं: समन्स रीतसर मिळालंच नव्हतं, किंवा न येण्याला पुरेसं कारण होतं. बजावणीत किरकोळ त्रुटी होती, पण तारीख त्याला माहीत होती आणि यायला वेळही होता, असं दिसलं तर तेवढ्यावर निकाल रद्द होत नाही. म्हणून समोरच्याने ‘कोर्टाची तारीख माहितीये मला, येणार नाही’ असा मेसेज पाठवला असेल तर तो जपून ठेवावा. पुढे तोच उपयोगी पडतो.

तारखेवर तारीख पडते तेव्हा

सुनावणी सुरू झाल्यावर एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये, असं संहितेचा आदेश 17 सांगतो. अपवादात्मक परिस्थितीत जास्त देता येते असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, त्यामुळे आकडा दाखवून भांडण्यात अर्थ नाही. उपयोगी पडतो तो रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय घडलं याची न्यायालयाची नोंद. ‘जाबदार (म्हणजे समोरची बाजू) गैरहजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, अर्जदार हजर’ अशा चार ओळी ओळीने दिसल्या की पाचव्या वेळी न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही. यासाठी तुम्ही स्वतः प्रत्येक तारखेला हजर असणं, आणि मुदतीच्या प्रत्येक अर्जावर ‘विरोध आहे, मुदत दिल्यास खर्च द्यावा’ असं लेखी म्हणणं देणं फार महत्त्वाचं. तोंडी कुरकुर रोजनाम्यात उतरत नाही.

तारखा आणि टप्पा ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर खटल्याच्या 16 अक्षरी सीएनआर क्रमांकावरून बघता येतात. वकिलांना फोन करण्याआधी हे बघण्याची सवय लावून घ्या.

हिंदू विवाह कायद्याचं कलम 21ब म्हणतं की अशी याचिका शक्य तितकी रोजच्या रोज चालवावी आणि नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात ते क्वचितच घडतं. तरी लवकर सुनावणीच्या अर्जात या कलमाचा आधार घ्या, आणि खालच्या न्यायालयात काहीच हलत नसेल तर राज्यघटनेच्या कलम 227 खाली उच्च न्यायालयाकडे मुदत बांधून देण्याची मागणी करता येते. समोरच्याने खटला दुसऱ्या शहरात बदलून मिळावा असा अर्ज टाकला, एवढ्यावर इथली सुनावणी थांबत नाही. थांबते ती स्थगितीचा आदेश असेल तरच. तो आदेश आहे का, हे विचारायला लाजू नका.

पोटगीचे कागद अडवले तर

अडवणूक सगळ्यात जास्त बोचते ती इथे, कारण घरात पैसे नसतात. अंतरिम पोटगी, म्हणजे खटला चालू असताना मिळणारी पोटगी, कलम 24 खाली मागता येते. नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत शक्यतो तिचा निर्णय व्हावा असं कायदाच सांगतो. मुलांच्या खर्चाच्या आणि शिक्षणाच्या अर्जालाही तीच मुदत आहे.

4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला दात दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. जाबदाराला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे, आणि दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत. तरीही तो मुद्दाम, न्यायालयाला न जुमानता तारखा मागत राहिला, तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा विचार न्यायालय करू शकतं. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही त्यात आहे. म्हणजे लांबवल्याने थकबाकी वाचत नाही, साचत जाते. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करून पगारावर जप्ती आणता येते.

तीन वर्षं ‘घटस्फोटाचं आधी होऊ दे’ म्हणत पोटगीचा अर्जच न केलेल्या बायका बघितल्या की जीव तुटतो. दोन्ही अर्ज एकाच दिवशी देता येतात. द्यावेतच.

ज्याने खटला भरला तोच लांबवत असेल तर

असंही होतं: याचिका टाकून ठेवायची आणि चालवायचीच नाही, म्हणजे दुसरा अडकून राहतो. अशा वेळी जाबदाराला कलम 23अ खाली त्याच खटल्यात स्वतःची उलट मागणी करता येते. मूळ अर्जदार येत नसेल तर त्याची याचिका निघून जाते, तुमची मागणी उभी राहते.

उशीर नेहमी डावच असतो का?

नाही, आणि हे मनापासून सांगायचं आहे. कागद न देणाऱ्यांत सूडाने पेटलेली माणसं असतात, तशी भेदरलेलीही असतात. वकिलाची फी परवडत नाही, समन्सवरची भाषा कळत नाही, ‘सही केली तर घर जाईल’ अशी धास्ती असते. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 खाली मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातच त्याचं कार्यालय असतं. समोरची बाजू अशी अडकली असेल तर तिला तिथपर्यंत पोचवणं हा सगळ्यात जलद उपाय ठरू शकतो. पोटगी, राहण्याची सोय आणि मुलांना भेटण्याच्या वेळा यांचा स्पष्ट लेखी प्रस्ताव गेला की कित्येकदा पुढची तारीख शांतपणे पार पडते.

‘थेट सुप्रीम कोर्टातच जाऊ’

1 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की लग्न कायमचं मोडलंय असं दिसलं तर सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम 142 खाली, एका बाजूचा विरोध असला तरी, घटस्फोट देऊ शकतं. बातम्या बघून लोकांना वाटलं की सोपा रस्ता उघडला. पण हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, कौटुंबिक न्यायालयाचा नाही. तो वापरणं त्या न्यायालयाच्या मर्जीवर आहे. आणि थेट रिट याचिका करून तिथे असा घटस्फोट मागता येत नाही, हेही त्याच निकालात लिहिलं आहे.

निकाल हातात आल्यावर

प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे, आणि कलम 15 प्रमाणे ती मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसरं लग्न करता येत नाही. निकाल एकतर्फी असेल तर लग्नाची तारीख काढण्याआधी समोरच्याने तो रद्द करण्याचा अर्ज टाकलाय का हे त्याच न्यायालयात तपासून घ्या. आणि समोरच्याला निकालाची प्रत स्पीड पोस्टाने पाठवून तिची पोचपावती फाइलला लावा, म्हणजे ‘मला कळलंच नाही’ असं पुढे म्हणता येणार नाही.